मोनोपॉड म्हणजे काठीच

लग्नांत चार वर्षं दुसरा कॅमेरा धरल्यावर कुत्र्यांचे फोटो म्हणजे सुट्टीच, असं मला वाटायचं. रुसवेफुगवे नाहीत, "एक फॅमिली फोटो राहिलाच" म्हणत ओढून नेणारी आत्या नाही. त्याच भ्रमात पहिली स्वतंत्र ऑर्डर घेतली. मुळशीकडचं फार्महाऊस, तीन कुत्री, दोन तास.

वेळ ठरली होती सकाळी सातची, मंडळी पोचली साडेदहाला. तिथेच "संध्याकाळी करू" म्हणायला हवं होतं, पण ॲडव्हान्स घेतलेला, जीभ रेटली नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून गार होतो. त्यामुळे उन्हातल्या प्रत्येक फोटोत हातभर जीभ आणि मिचमिचे डोळे.

खरा घोळ मात्र माझ्या बॅगेने घातला. चिकनच्या ट्रीट पुढच्या कप्प्यात, चेन अर्धी उघडी. बीगलला पहिल्याच मिनिटाला वास लागला आणि पुढचा तासभर त्याला जगात त्या बॅगेखेरीज काही दिसेना. लॅब्राडॉरने वर बघावं म्हणून मी चूं-चूं वाजणारं खेळणं दाबलं. त्याने वर बघितलं, आणि थेट माझ्या छातीवर! लेन्सपुढचं हूड तडकलं, लेन्स वाचली. खेळणं मी वाजवतच राहिलो. पाचव्या वेळी कुणी कानही हलवला नाही. आता अख्ख्या शूटमध्ये तीनदाच वाजवतो, तेही बोट शटरवर ठेवून.

तिसरा काळू, रस्त्यावरून आणलेला गावठी, कोपऱ्यात गप बसून होता. मॅडम म्हणाल्या, "दादा, याचा पट्टा काढू का? फोटोत बरा नाही दिसणार." मी हो म्हटलं आणि मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड, उघडला. खट, खट, खट. हातात लांब काळी दांडी. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला ती काय वाटली असेल, ते सांगायला नको. काळू फाटकाखालून पसार.

पाऊण तास आम्ही बांधाबांधाने हाका मारत फिरलो. मॅडम रडकुंडीला आलेल्या, त्यांचे मिस्टर माझ्याशी बोलेनात. शेवटी आजी फाटकाशी आल्या आणि पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजवलं. दोनदाच. करवंदीच्या जाळीतून शेपूट पायात घालून काळू बाहेर आला.

तेव्हापासून उघड्या जागेत मी पट्टा काढू देत नाही. बारीक, एकरंगी पट्टा लावायला सांगतो, मालक त्याचं टोक धरून फ्रेमबाहेर उभा राहतो, आणि पट्टा नंतर एडिटिंगमध्ये पुसतो. मागे गवत असेल तर ते किरकोळ काम आहे. ट्रीट मालकाच्या खिशात. पहिली वीस मिनिटं कॅमेरा बाहेरच काढत नाही. जमिनीवर बसतो, हुंगू देतो. फोनवर आधीच विचारून घेतो: कशाला घाबरतो, काय चालत नाही, कुठल्या आवाजाला धावत येतो? शेवटचा प्रश्न आजींकडून शिकलो.

सेटिंगही चुकलं होतं. लग्नाच्या सवयीने मी १/२५० सेकंदाच्या शटर स्पीडवर होतो, धावत्या कुत्र्याला १/१६०० तरी लागतं, आणि फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे तो कुत्र्यामागे सरकत राहतो. काळ्या कुत्र्याने फ्रेम भरली की कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं खाली घ्या.

सहाशेच्या वर फ्रेम काढल्या, देण्यासारख्या निघाल्या अकरा. काळूची एकही नाही. उरलेले पैसे मागायचं धाडस नव्हतं. पुन्हा येऊन फुकट काढून देतो म्हटलं. (आता उशीर झाला तर काय, पुन्हा शूट कुणाच्या खर्चाने, हे ॲडव्हान्स घेतानाच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो.)

दुसऱ्या खेपेला संध्याकाळी पाचला गेलो, मोनोपॉड घरीच ठेवून. काळू पट्ट्यात, आजी डबा घेऊन माझ्या खांद्यामागे उभ्या. त्यांच्या हॉलमध्ये तो फोटो मोठा करून लावलाय. काळू लेन्समध्ये रोखून बघतोय असं वाटतं. बघतोय तो पोळीकडे.