कार सीट पुढे वळवायची घाई नको
पहिला वाढदिवस झाला की बाळाची कार सीट पुढे तोंड करून लावायची, हा हिशेब जुना झाला. युरोपच्या आर१२९ नियमात 15 महिन्यांच्या आत तशी परवानगीच नाही, आणि तीही किमान अट. मागे तोंड असताना चालणारं कमाल वजन आणि उंची सीटच्या लेबलवर असते, तिथवर थांबा. पाय दुमडतात म्हणून आजी कुरकुरतील, पण मुलं मांडी घालून मजेत बसतात. जपायची असते ती मान. मागे तोंड असताना समोरून धडक बसली तर डोकं, मान, पाठ सगळं सीटची पाठ एकत्र झेलते. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मात्र अशी सीट लावायचीच नाही. वळवाल तेव्हा खांद्याचे पट्टेही बदला: आधी खांद्याच्या रेषेत किंवा खाली, आता रेषेत किंवा वर.