गॅलरीतला चैत्र: झेंडू, चिमण्या आणि कॅमेरा

पाडव्याच्या गुढीला घरच्या झेंडूचा हार हवा असेल तर दिवस उलटे मोजावे लागतात. बी पेरल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण ६० ते ६५ दिवस जातात. पाडवा तिथीने येत असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी पुढेमागे होते. २०२६ साली तो १९ मार्चला, तर २०२७ साली ७ एप्रिलला. म्हणजे पहिल्या हिशेबात बी भोगीच्या सुमाराला मातीत पडायला हवं, दुसऱ्यात फेब्रुवारीचा पहिला आठवडा चालतो. ही मुदत चुकली असेल तर पाडव्याच्या तीन आठवडे आधी नर्सरीतून कळ्या धरलेली रोपं आणा. फुललेली रोपं मात्र घेऊ नका, कुंडी बदलताना त्यांची फुलं गळतात.

पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंतचा साधारण महिनाभर गॅलरीत तीन गोष्टी एकत्र चालतात. गुढी आणि चैत्रगौरीसाठी फुलं लागतात, पाखरांचा घरट्यांचा हंगाम असतो, आणि हे सगळं टिपायला सकाळचा उजेडही चांगला मिळतो. या तिन्हींची तयारी एकत्रच करावी. झेंडूवर तुम्ही कधी आणि काय फवारता, यावर चिमणीच्या पिल्लांना अळ्या मिळणार की नाही हे ठरतं.

माती आणि पेरणी

दहा इंची कुंडीत झेंडूचं एकच रोप. मातीचे चार भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, कोकोपीट दोन भाग, भाताचं तूस किंवा जाड वाळू एक भाग, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट भिजवून दोनदा पिळून घ्या. त्यात क्षार असतात आणि कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा त्यानेच करपतात. ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी सहज पंधरा-वीस किलोची होते, त्यामुळे कुंड्या भिंतीलगत जमिनीवर ठेवा. कठड्यावर काहीही मोकळं ठेवू नका, एप्रिलच्या वावटळीत ते खाली जातं.

बी ट्रेमध्ये अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये. चार-सहा दिवसांत उगवतं. चार-पाच खरी पानं आली की रोप कुंडीत हलवा आणि ते वीतभर झालं की शेंडा खुडा. फांद्या फुटतात, फुलं जास्त लागतात, पण पहिलं फूल आठवडाभर लांबतं. पाडवा जवळ असेल तर खुडणं टाळलेलं बरं. पानं काळीभोर, झाड उंच आणि कळीचा पत्ता नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचं कारण बहुतेक वेळा नत्र जास्त झालेलं असतं किंवा ऊन कमी पडलेलं असतं. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर झेंडूचा नाद सोडा. तिथे अबोली आणि पेंटास लावा, अर्ध्या सावलीत दोन्ही तग धरतात.

शिंजिरांसाठी (फुलांतला मध पिणारे छोटे पक्षी) एखादी जास्वंद आणि एक हमेलिया पुरे. हमेलियाच्या नारिंगी नळ्यांवर शिंजीर दिवसभर येत राहतात. दुहेरी पाकळ्यांची जास्वंद दिसायला भरगच्च असली तरी मधापर्यंत चोच पोचणं अवघड जातं, म्हणून साधी पाच पाकळ्यांची निवडा. चिमण्यांसाठी एका बारा इंची कुंडीत चिमूटभर बाजरी पेरा. अडीच-तीन महिन्यांनी कणसं धरतात आणि चिमण्या ती कुंडीवर बसूनच टिपतात.

मार्चच्या मध्यापासून कोरड्या हवेत झेंडूवर लाल कोळी ही बारीक कीड येते. पानं आधी ठिपक्याठिपक्यांची, मग मळकट पिवळी दिसतात आणि खालच्या बाजूला बारीक जाळं असतं. दोन-तीन दिवसांआड पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला की बहुतेक आटोक्यात येते. तेवढ्याने भागलं नाही तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल. तेल आधी एक-दोन मिली द्रव साबणात घोटा, मगच पाण्यात घाला. तसं केलं नाही तर ते पाण्यावर तरंगतं आणि जिथे थेंब पडेल तिथलं पान जळतं. फवारणी संध्याकाळी, उमललेल्या फुलांना वगळून. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) मात्र शक्य तितका राहू द्या. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस मावा आणि मऊ अळ्याच भरवते. जवळ घरटं असेल तर रासायनिक कीटकनाशक अजिबात नको.

पाणी, दाणा आणि घरटी

पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं घ्या. खोली दोन-तीन सेंटिमीटर, फार तर पाच, आणि मधे एक खडबडीत दगड. खोल भांड्यात पाखरं उतरत नाहीत, उतरलीच तर पिल्लं बुडतात. भांडं सावलीत ठेवा, नाहीतर दुपारी पाणी तापतं. पाणी रोज बदला आणि दर तीन दिवसांनी भांडं काथ्याने नुसत्या पाण्यात घासा. उन्हाळ्यात डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, तेव्हा गावाला जाताना भांडं पालथं घालून जा. धुळवड आणि रंगपंचमीला भांडी आत घ्या, रंग उडालेलं पाणी पाखरांच्या पोटात जायला नको. संक्रांतीचा मांजा कुंड्यांच्या काठ्यांत किंवा समोरच्या फांदीत अडकून राहिला असेल तर हाताला येईल तेवढा याच सुमाराला काढून टाका. घरटं बांधणारी पाखरं दोरा म्हणून तो ओढतात आणि पाय अडकवून घेतात.

दाण्याचं प्रमाण सांभाळा. सकाळी मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी, तासाभरात संपेल इतकीच. फरसाण, शिळा पाव, मीठ घातलेला भात यांपैकी काहीही नको. दाणे उरले की पारवे येतात, मागोमाग उंदीर. पारवे जमले की चिमण्या येत नाहीत. दाण्याच्या ताटलीवर चार सेंटिमीटर अंतराच्या गजांचा पिंजरा उपडा ठेवला तर चिमण्या आत जातात, पारवे बाहेर राहतात. पारव्यांची विष्ठा कोरडी खरवडू नये. आधी पाणी शिंपडून ओली करायची आणि तोंडाला मास्क लावायचा, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

चिमणीची पेटी घरी करता येते. पंधरा मिलिमीटर जाडीची फळी घ्या. आतून तळ १२ बाय १२ सेंटिमीटर, उंची २० सेंटिमीटर, आणि तळापासून १५ सेंटिमीटरवर ३२ मिलिमीटर व्यासाचं गोल भोक. भोक त्याहून मोठं झालं तर साळुंकी घुसते. तळाला पाणी निचरायला चार बारीक छिद्रं, आणि साफसफाईसाठी एक बाजू स्क्रूची. भोकाखाली बसायची दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र उभं राहायला जागा मिळते. आतून रंग किंवा पॉलिश नको. पेटी जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीवर, दुपारचं ऊन येणार नाही अशा भिंतीला, पंख्यापासून लांब. चिमण्या शेजारी-शेजारी राहणं पसंत करतात, म्हणून एकीऐवजी दोन-तीन पेट्या मीटरभर अंतराने लावा. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने २०१० पासून तो सुरू केला. पेटी टांगायची तर त्या दिवसाची वाट पाहू नका, जानेवारीतच टांगा. नव्या पेटीची सवय व्हायला त्यांना वेळ लागतो, आणि पहिल्या वर्षी रिकामी राहिली म्हणून जागा बदलू नये.

शिंजिराचं घरटं पेटीत नसतं. मादी कोळ्याच्या जाळ्यांनी पालापाचोळा आणि सालपटं बांधून ती पिशवी वेलाच्या टोकाला, वायरीला, कधी कपडे वाळत घालायच्या दोरीलाही लटकवते. बाजूला दार, वर छोटासा पडवीसारखा पुढे आलेला भाग. दिसलं की दोरी आणि कुंडी जिथे आहे तिथेच राहू द्या. अंडी आणि पिल्लं धरून महिनाभराचा प्रश्न असतो. घरटं किंवा अंडी नष्ट करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे सोसायटीच्या रंगारी आणि साफसफाई करणाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा.

गुढीचा कडुलिंब

कडुलिंबाची हातभर डहाळी पुरते. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) पेराच्या वर तिरका काप द्या. हाताने ओढून मोडलेल्या फांदीची साल खालपर्यंत सोलते. मोठी छाटणी करायची असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार पालिकेची परवानगी लागते. पाला खायचा आहे, म्हणून झाड नीट ओळखा. कडुलिंबाच्या एका देठावर दोन्ही बाजूंना दातेरी, एका अंगाने वाकलेल्या पर्णिकांची एकच रांग असते. बकाण लिंबाच्या देठाला पुन्हा उपफांद्या असतात आणि पर्णिका त्यांवर. तो खायचा नाही. रस्त्याकडेच्या झाडाचा पाला दोन पाण्यांनी धुवा. कोवळी पानं आणि मिळाला तर फुलोरा, भिजवलेली हरभरा डाळ, गूळ, हिंग, जिरं, मीठ एकत्र वाटलं की प्रसाद तयार. फुलोरा घेताना एखाददुसराच तुरा घ्या, त्यावर मधमाश्या असतात.

गुढी गॅलरीत बांधताना कळक (गुढीचा बांबू) कठड्याला दोन ठिकाणी, वीतभर अंतरावर दोन गाठींनी बांधा. एकाच गाठीवर तो वाऱ्याने फिरतो आणि तांब्या खाली जातो. बांधायला सुती दोरी घ्या, नायलॉनची नको. साखरेच्या गाठीला मुंग्या लागतात, तेव्हा ती कुंड्यांपासून दूर राहील असं बघा.

फोटो

गुढीचा फोटो सूर्य पाठीशी ठेवून काढा. जरीवर आणि तांब्यावर ऊन पडलं की त्या जागा पांढऱ्या होतात. मोबाइलवर तांब्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ द्या. जवळ उभं राहून वाइड लेन्सने काढलं तर कळक आणि इमारत दोन्ही आत झुकलेली दिसतात. चार पावलं मागे जा आणि दुप्पट झूम वापरा.

पाखरांसाठी उजेड सकाळी साडेसहा ते नऊ. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद, फुलासमोर फडफडणाऱ्या शिंजिराला १/१६०० किंवा जास्त. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ३२००. फोटो थोडा रवाळ आला तरी चालेल, हललेला चालत नाही. फोकस डोळ्यावर. चैत्रात जांभळ्या शिंजिराचा नर पूर्ण पिसाऱ्यात असतो. तो निळाजांभळा चमकतो तो उजेड तुमच्या मागून येत असेल तरच. उजेड समोरून आला तर तोच पक्षी नुसता काळा दिसतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या पक्ष्याला अधिक १ द्या, नाहीतर फक्त आकृती मिळते. गर्द पानांतल्या बगळ्याला उलट उणे १. गॅलरीला जाळी असेल तर लेन्स जाळीला टेकवा आणि लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडा, जाळी फोटोतून गायब होते. काचेतून काढताना लेन्स काचेला चिकटवा आणि भोवती काळं कापड धरा.

पक्ष्याच्या मागे धावण्यापेक्षा पाण्याच्या भांड्यावर किंवा हमेलियाच्या एका फांदीवर आधीच फोकस लावून खुर्चीत बसा. पंधरा-वीस मिनिटांत पाखरं तुमची दखल घेणं सोडतात. बुलबुल, दयाळ, शिंपी त्याच त्या फांदीवर परत येतात. फ्लॅश नको, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणंही नको. या दिवसांत आवाज ऐकला की नर हद्दीत दुसरा आला असं समजून तासन्‌तास त्याच्यामागे लागतो आणि भरवणं राहून जातं. घरट्याचा फोटो काढू नका. तुम्ही पानं बाजूला करता, आई उडते, आणि समोरच्या तारेवरचा कावळा जागा पाहून ठेवतो.

चैत्रांगण काढलं असेल तर तांदळाच्या पिठाचं काढा, उरलेलं चिमण्या आणि मुंग्या नेतात. दगडी रांगोळी तशीच पडून राहते. फोटो सकाळच्या तिरक्या उजेडात घ्या. स्टुलावर उभं राहून, ग्रिड सुरू करून, मोबाइल जमिनीला समांतर धरा. थोडा जरी कलला तरी वरचे सूर्य-चंद्र लहान आणि खालचं कासव मोठं दिसतं. हळदीकुंकवानंतर उरलेल्या कलिंगडाच्या फोडी, पपई बुलबुलांसाठी ताटलीत ठेवता येतात, पण दुपारी बाराच्या आत उचला. त्यानंतर फळ आंबतं आणि गांधीलमाश्या गोळा होतात.

पाडव्याच्या हारातली सुकलेली फुलं सावलीत वाळवून त्यांचं बी ठेवायचं असेल तर देशी जातीचंच ठेवा. संकरित झेंडूचं बी पुढच्या वर्षी आईसारखं फूल देत नाही. घरचा कडुलिंब हवा असेल तर पिकलेल्या निंबोळ्या जून-जुलैत गोळा करा, गर धुऊन काढा आणि लगेच पेरा. दोन-तीन आठवड्यांनंतर त्या बियांची उगवण झपाट्याने घटते, म्हणून डबीत जपून ठेवण्यात अर्थ नाही. रोप चौदा इंची कुंडीत लावून दर पावसाळ्यात शेंडा छाटत राहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या पाडव्याला गुढीपुरती डहाळी मिळते. चिमणीची पेटी मात्र दोन आठवडे सलग हालचाल दिसली नाही तरच उघडा. एकच जोडी एका हंगामात पुन्हा पुन्हा अंडी घालते.