जुना प्रिंटर, नवी विंडोज : ड्रायव्हरची अडचण कशी सोडवावी

धडधाकट प्रिंटर केवळ कॉम्प्युटर बदलला म्हणून भंगारात निघतो, याचा मला मनापासून राग येतो. कॅनन एलबीपी २९०० सारखे जुने लेझर प्रिंटर झेरॉक्सच्या दुकानांत अजून कामावर आहेत. नव्या विंडोजवर प्रिंटर अडला की बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो, ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोज आणि प्रिंटर यांचा संवाद घडवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा असतो.

विंडोजचे ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन प्रकार असत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि तिथे ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. म्हणून प्रिंटरबरोबर आलेली, बहुधा ३२ बिटचीच, जुनी सीडी विसरा. ‘कंपॅटिबिलिटी मोड (जुनी विंडोज असल्याचं भासवणारी सोय) लावून बघा’ असं कोणीही सांगतं. विंडोजची आवृत्ती पाहून इन्स्टॉलर अडला असेल, तर तेवढ्यापुरता तो मोड कामाला येतो. ३२ बिटचा ड्रायव्हर त्याने ६४ बिटचा होत नाही.

ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक टाकून घ्या. यादीत विंडोज ११ नसेल तर विंडोज १० चा ६४ बिट ड्रायव्हर घ्या, बहुधा चालतो. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट’ म्हणणारी सॉफ्टवेअर मात्र कॉम्प्युटरवर येऊच देऊ नका.

आता खरी मेख : जुना ड्रायव्हर काढणं. मीही इथेच बराच काळ अडकून होतो. सेटिंग्जमध्ये जाऊन प्रिंटर ‘रिमूव्ह’ केला की यादीतलं नाव जातं, ड्रायव्हर जात नाही. त्याचं पॅकेज, म्हणजे फायलींचा संच, विंडोजच्या साठ्यात पडून राहतं आणि केबल जोडताच तेच पुन्हा बसतं. मग लोक नवा ड्रायव्हर त्याच्यावर चढवत राहतात आणि छपाई तिथेच अडते.

प्रिंटरची यूएसबी केबल काढा. प्रिंटर यादीतून काढा, कंपनीचं सॉफ्टवेअरही अनइन्स्टॉल करा. मग ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ पानावरच खाली ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर जा. ‘चेंज ड्रायव्हर सेटिंग्ज’ बटण दिसलं तर ते दाबून परवानगी द्या. तुमच्या प्रिंटरचं नाव निवडून ‘रिमूव्ह’ करा. दोन पर्याय येतील. ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हा दुसरा निवडा. पहिल्याने पॅकेज जागेवरच राहतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मायक्रोसॉफ्टच्या नावाच्या नोंदींना हात लावू नका.

इथे ‘ड्रायव्हर वापरात आहे’ असा संदेश बऱ्याचदा येतो. प्रिंट स्पूलर ही छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा तो ड्रायव्हर धरून बसलेली असते, बहुतेकदा रांगेत अडकलेल्या एखाद्या कामामुळे. ‘सर्व्हिसेस’ उघडून स्पूलर थांबवा. विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमाने आत जा आणि शेवटच्या फोल्डरमधल्या फायली पुसा. फोल्डर राहू द्या. स्पूलर पुन्हा सुरू करा, कारण तो बंद असताना ड्रायव्हरची यादी उघडत नाही, आणि लगेच, दुसरं काहीही न छापता, पॅकेज काढा. याच ड्रायव्हरवर दुसरा प्रिंटर जोडलेला असेल तर आधी तोही काढावा लागतो.

कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि नवा ड्रायव्हर बसवा. इन्स्टॉलर सांगेपर्यंत केबल लावू नका, नाहीतर विंडोज स्वतःच्या मनाने काहीतरी बसवून मोकळी होते.

तरीही जमलं नाही आणि विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ चालू आहे का ते पाहा. तो चालू असताना कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर चालत नाहीत. ड्रायव्हरची डिजिटल सही तपासणं किंवा ‘मेमरी इंटेग्रिटी’ हे विंडोजचं सुरक्षाकवच बंद करायला मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, त्याचं संरक्षण एका प्रिंटरसाठी उतरवू नये.

शेवटी टेस्ट पेजबरोबर एखादी मराठी पीडीएफही छापून पाहा. जोडाक्षरं तुटली तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा.