चिनी शिकताय? ‘ग्वांगलिन’ वापरताना या चुका टाळा

चिनी शिकणाऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भारदस्त शब्दांची ओढ लागते. ओढ चांगलीच आहे, पण घाई फार. शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, हे बघायला कोणी थांबत नाही. त्यात सगळ्यात जास्त हाल होतात ‘ग्वांगलिन’चे.

चीनमध्ये दुकानात शिरलं की ‘ह्वानयिंग ग्वांगलिन’ कानावर पडतं. ‘ह्वानयिंग’ म्हणजे स्वागत, ‘ग्वांग’ म्हणजे प्रकाश, ‘लिन’ म्हणजे येणं. आपल्या येण्यानं आमची जागा उजळली, असा त्यात यजमानाचा भाव आहे. मोबाइलमधल्या शब्दकोशात मात्र ‘भेट देणे’ एवढाच अर्थ सापडतो आणि तेवढ्यावर गाडी सुटते.

माझा एक विद्यार्थी नोकरीत चिनी कारखान्यांशी पत्रव्यवहार करायचा. त्यानं एकाला लिहिलं, ‘वो श्याजोउ ग्वांगलिन ग्वेइछांग’. म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात मी आपल्या कारखान्यात पायधूळ झाडतो’! ‘पायधूळ झाडा’ हे यजमानानं म्हणायचं असतं. व्याकरण बिनचूक, ‘आपला कारखाना’ या अर्थाचा ‘ग्वेइछांग’ही अचूक, त्यामुळे त्याला शंका आलीच नाही. तिकडून उत्तर आलं, ‘आपलं मनःपूर्वक स्वागत आहे.’ गिऱ्हाइकाची भाषा पत्रातून कोण दुरुस्त करणार? मग ते वाक्य त्याचा साचाच झालं. प्रत्येक पुरवठादाराला तेच जाऊ लागलं, हाताखालच्या मुलांनीही तेच उचललं. शेवटी एका चिनी सहकाऱ्यानं बाजूला घेऊन सांगितलं, तोवर पत्रांचा ढीग झाला होता. आपण जाणार असू तर शब्द ‘बायफांग’. त्यातल्या ‘बाय’मध्ये वंदन आहे, म्हणून तो आपल्या बाजूनं शोभतो.

अशा शब्दांपुढे वहीत मी नुसता अर्थ कधीच लिहू देत नाही. आधी लिहायचं, कोण कोणाला म्हणतो: ‘यजमान पाहुण्याला’, ‘देणारा घेणाऱ्याला’. मग खऱ्या निमंत्रणपत्रातलं एक अख्खं वाक्य, हातानं उतरवून. वेळ लागतो, लागू द्या. पन्नास शब्दांची यादी घोकण्यापेक्षा असे पाच शब्द पक्के झालेले मला चालतात.

‘लीलिन’ही पाहुण्याच्या येण्यासाठीच, पण ‘ग्वांगलिन’हून आणखी वजनदार. तो समारंभाला, अधिकाऱ्यांच्या स्वागताला. मित्र चहाला येणार असेल तर नको. त्याच्यापुढे ‘दाओ’ (पोचणं) हा शब्दही जोडू नका, येणं ‘लीलिन’मध्येच आहे.

‘ग्वेइशिंग’ म्हणजे ‘आपलं आडनाव?’ हा फक्त प्रश्न. उत्तर ‘वो शिंग’ आणि पुढे आडनाव. ‘वो ग्वेइशिंग’ म्हणू नका.

‘श्याओना’ म्हणजे ‘हसून स्वीकारा’. ते भेटवस्तू देणाऱ्यानं म्हणायचं. घेणाऱ्यानं आभार मानावेत.

आधीच पत्रं गेली असतील तर साचा आज उघडा आणि ‘ग्वांगलिन’ शोधा. जाणारा ‘वो’ (मी) किंवा ‘वोमेन’ (आम्ही) असेल तिथे ‘बायफांग’ घाला. येणारा ‘निन’ (आदरार्थी ‘आपण’) असेल तर हात लावू नका.