कांडप यंत्रासाठी कर्ज कसं मिळालं : माझा अनुभव

आमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय. मिरची दुसऱ्याच्या डंकावर कुटून आणायचो, सीझनला नंबरच लागायचा नाही. स्वतःचं कांडप यंत्र घ्यायला 3 लाख हवे होते. बँकेत पहिला प्रश्न आला, "तारण काय?" घर सासऱ्यांच्या नावावर, शेत सामाईक. नकार घेऊन परतले.

नंतर कळलं, की लहान व्यवसायांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. माझी मागणी 'किशोर' गटात बसत होती (50 हजारांच्या वर, 5 लाखांपर्यंत). पुन्हा गेले, तर सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली याची नोंद) आडवं आलं. ही खरी गाठ होती. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो काढला. त्यात चार वर्षांपूर्वी फेडलेलं स्कूटीचं कर्ज थकीत दिसत होतं! 'ना देय' दाखला जोडून ऑनलाइन तक्रार केली. नियमाने 30 दिवसांत निकाल लागायला हवा. माझी नोंद तेवढ्यातच दुरुस्त झाली. सगळ्यांना कळकळीने सांगते, अर्जाआधी अहवाल बघाच.

दरम्यान उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली. ती पूर्ण मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. रोखीची विक्री क्यूआरवर वळवली, म्हणजे सहा महिन्यांची उलाढाल खात्यावर दिसली. यंत्राचं कोटेशन जोडून तिसऱ्यांदा अर्ज दिला. मंजुरी आली आणि रक्कम थेट यंत्र विकणाऱ्याच्या खात्यात गेली. मार्चच्या आत यंत्र बसलं.