एक्ससी रेसला उतरताय? आधी कोर्स पायी चालून या

पुण्याच्या टेकड्यांवर सायकल हाणणारी पोरं-पोरी हल्ली सारखी विचारतात की पहिली क्रॉस-कंट्री (एक्ससी) रेस, म्हणजे डोंगरवाटांवरची माउंटन बाइक रेस, मारायचीय, काय तयारी करू, आणि पुढचा प्रश्न नेहमी सायकलचाच असतो, कार्बन घेऊ का, फोर्क कुठला, कॅसेट केवढी. माझं उत्तर ठरलेलं आहे. आदल्या दिवशी बूट घाला आणि अख्खा कोर्स पायी चाला, सायकलचं नंतर बघू.

एक्ससीओ हा एक्ससीचा ऑलिम्पिकमधला प्रकार, म्हणजे चार-पाच किलोमीटरचा लूप, तोच पुन्हा पुन्हा मारायचा, एकेका फेरीला लॅप म्हणतात. एलिट गटाची रेस साधारण ८० ते १०० मिनिटं चालते, आपल्याकडच्या ओपन गटांना लॅप कमी देतात. पण तोच लूप असल्यामुळे एका उताराला चुकीची लाइन, म्हणजे चाक न्यायची वाट, धरलीत तर ती चूक प्रत्येक लॅपला भोवते, आणि बरोबर लाइन सापडली तर प्रत्येक लॅपला चार-पाच सेकंद फुकट मिळतात, त्यासाठी पायात जास्तीचा दम लागत नाही.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हान डर पोल पहिल्याच लॅपला पडला ते आठवत असेल. सरावाच्या वेळी तिथल्या मोठ्या ड्रॉपखाली, म्हणजे उडी मारून उतरायच्या कड्याखाली, एक फळी होती, रेसला ती नव्हती, त्याला वाटलं ती असेलच, आणि तो सरळ खाली आदळला. नंतर रेस सोडावी लागली. जगातला एवढा तगडा रायडर. म्हणून मी म्हणते आदल्या दिवशी चाला आणि रेसच्या सकाळी अवघड जागा पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला, रात्रीत फळी निघते, गुरं जाऊन वाट उकरली जाते, कुणीतरी दगड हलवलेला असतो.

चालायचं कसं तर उतार आधी खालून वर चढत बघायचे. वरून बघितलं की दगडाच्या मागचा खड्डा दिसतच नाही, खालून सगळं उघडं दिसतं. मग वर जाऊन रायडर उभा असतो तितक्या उंचीवरून परत बघायचं, नक्की कुठून ब्रेक सोडायचा ते ठरवायचं आणि त्या जागेला नाव द्यायचं. वाकडा पळस, चुना लावलेला दगड, करवंदीची जाळी, काहीही चालेल. रेसमध्ये छाती फुटायला आली की डोकं विचार करत नाही, पण "पळस आला, डावीकडे" एवढं आठवतं. अवघड जागेला बहुतेक वेळा बाजूने एक सोपी वाट ठेवलेली असते, तीसुद्धा चालून बघा, त्यात काही कमीपणा नाही. तिथे पाच-सहा सेकंद जातात, पडलात तर मिनिटं जातात.

हे मी शिकले ते पडूनच. माझ्या पहिल्या रेसला मी कोर्स सायकलवरून एकदाच पाहिला होता, तोही घाईत. एका कोरड्या ओढ्यात उतरताना समोर बारीक वाळूचा पट्टा होता, वरून तो साधी वाट वाटतो, पुढचं चाक त्यात रुतलं आणि मी हँडलवरून पलीकडे. मला फारसं लागलं नाही पण डिरेलर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग, ज्या हँगरवर लटकतो तो हँगर वाकला, डिरेलर चाकाच्या आऱ्यांत गेला आणि हँगर तुटला. जवळ दुसरा हँगर नव्हता. टेक झोनपर्यंत, म्हणजे कोर्सवर दुरुस्तीसाठी ठरवून दिलेल्या जागेपर्यंत, सायकल खांद्यावर घेऊन पळाले, जाईपर्यंत सगळा गट निघून गेला होता. ओढ्यात पाय घालून एकदा चालले असते तर बूट रुतला असता आणि मला कळलं असतं. तेव्हापासून तुमच्या फ्रेमचा हँगर, मल्टिटूल, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, टायरचं भोक बुजवायचा प्लग आणि हवेसाठी सीओटूची नळी हे सगळं अंगावर किंवा सायकलवर पाहिजेच, कारण बाहेरची मदत फक्त टेक झोनमध्ये घेता येते, मधे कुठे काही झालं तर तुमचं तुम्हीच.

टायरवर जरा जास्त बोलते कारण आपल्याकडे बाभळी आहेत. ट्यूब घालून सह्याद्रीत रेस करू नका. ट्यूबलेस करा आणि २९ इंची टायर असेल तर प्रत्येकी १०० मिलिच्या आसपास सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घाला, ताजं, चार महिन्यांपूर्वीचं नाही, आपल्या उन्हात ते वाळून रबराचे गोळे होतात. बाभळीचा काटा घुसला तर लगेच उपटू नका, तो स्वतःच बूच असतो. उपटला की फुस्स आवाज, पांढरा फेस, मग चाक फिरवून भोक खाली आणायचं आणि फेस थांबायची वाट बघायची, आणि रेसमध्ये ही वाट बघणं फार महाग पडतं. हवेचं म्हणाल तर ६५-७० किलोच्या माणसाला पुढे १९-२०, मागे २१-२२ पीएसआयपासून सुरुवात करा आणि कातळावर रिम ठोकतेय का बघून एकेक पीएसआय वाढवा. कडक हवा भरून मुरमावर वळलात तर छर्ऱ्यांवर पाय ठेवल्यासारखं होतं.

मुरमावर ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच मारून घ्यायचा, वळणात सोडून द्यायचा. एकच बोट ब्रेकवर, कोपरं बाहेर, टाचा खाली आणि नजर चाकाच्या पुढ्यात नाही तर वाट जिथे जाणार आहे तिथे. हे वाचून येत नाही, एकच उतार पकडून एका सकाळी दहा वेळा मारा.

दमासाठी आठवड्यातून दोन दिवस चढावर इंटरव्हल पुरतात, चार मिनिटं जोरात, चार मिनिटं हळू, असे पाच. सिंहगडाचा घाट त्यासाठी मस्त आहे पण आडवारी पहाटे जा, रविवारी गाड्यांच्या धुरात काही होत नाही. बाकीचे दिवस आरामात आणि शेवटचा आठवडा निम्माच. नवे लोक नेमके शेवटच्या आठवड्यात घाबरून जास्त करतात आणि रेसला जड पायांनी येतात.

सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात कारण सिंगलट्रॅकच्या, म्हणजे एकच सायकल जाईल एवढ्या अरुंद वाटेच्या, तोंडाशी गर्दी होते आणि मागे राहिलात तर पहिल्या चढाला चालावं लागतं. त्यामुळे पहिली दोन-तीन मिनिटं जोर लावाच, पण ट्रॅकमध्ये घुसलात की श्वास ताब्यात घ्या, दुसरी लॅप पहिलीसारखीच निघाली पाहिजे. ओव्हरटेक करताना लांबूनच "डावीकडून" असा आवाज द्या, आणि मागून कुणी आवाज दिला तर जागा द्या.

खाणं साधं. तीन तास आधी पोहे किंवा उपमा, तळलेलं काही नको. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्ब जायला हवेत, एका बाटलीत साखर-मीठ-लिंबू आणि खिशात खजूर, बिया काढून, कारण चढाला बी थुंकायला श्वास उरत नाही. चिक्की नको, घशात अडकते.

आणखी एक नियम माहीत असू द्या. सगळ्यात पुढच्या रायडरच्या पहिल्या लॅपच्या वेळेच्या ८० टक्क्यांहून जास्त मागे पडलात तर बहुतेक रेसमध्ये तुम्हाला बाहेर काढतात. वाईट वाटतं, पण निकालात नाव येतं, उरलेल्या लॅपच्या आकड्यासकट. मार्शलशी वाद घालू नका, तो बिचारा सकाळपासून उन्हात उभा असतो.

रेस झाली की त्याच दिवशी ऊन उतरल्यावर, कोर्सच्या कडेने बांधलेली टेप काढायच्या आत, पाणी पिऊन कोर्सवर पुन्हा एक फेरी पायी मारा. वाकड्या पळसापाशी इतरांच्या चाकांचे माग बघा, सगळे कुठून गेलेत ते मातीत स्पष्ट उमटलेलं असतं. मग घरी जाऊन पक्कड घ्या आणि टायरमधले काटे एकेक करून काढा.