एमेट टिलचा तास कसा घ्यावा

पुण्यात दांडेकर पुलाजवळ आमची छोटी अभ्यासिका आहे. रविवारी आठवी-नववीची वीसेक पोरं येतात. अमेरिकेतली नागरी हक्कांची चळवळ शिकवायची म्हटलं की आपण थेट मार्टिन ल्यूथर किंगच्या भाषणावर उडी मारतो. तसं करू नका. १९५५ पासून सुरू करा.

सामान फार नाही: सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि कोऱ्या चिठ्ठ्या. सुतळी भिंतीपासून खिडकीपर्यंत ताणून बांधा.

पहिली चिठ्ठी २८ ऑगस्ट १९५५. शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल सुट्टीत मिसिसिपीतल्या मनी या गावी पाहुणा गेला होता. (गावाच्या नावावर पोरं हसतात. हसू द्या, पुढे हसणार नाहीत.) दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला असा आरोप करून तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं त्याला रात्री घरातून उचललं आणि मारून टाकलं. गळ्यात जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्राचा, लोखंडी पंखा काटेरी तारेनं बांधून नदीत टाकलं. जिनिंग म्हणजे काय ते मी समजावायला लागले, तर परभणीकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मला ठाऊक आहे." त्यालाच सांगू द्या.

प्रेत ओळखू आलं ते बोटातल्या अंगठीवरून. आई मेमीनं शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. हजारो लोक रांगेनं पाहून गेले, कृष्णवर्णीयांच्या 'जेट' साप्ताहिकानं फोटो छापले. तो फोटो मात्र वर्गात दाखवू नका. पहिल्या वर्षी मी दाखवला आणि एक मुलगी दोन रविवार आलीच नाही. चूक माझी. आईनं पेटी उघडली, एवढं सांगितलं तरी पुरतं.

खटल्यावर वेळ काढा. ज्युरी म्हणजे बारा पंच, इथे सगळे गोरे पुरुष. "एकही काळा कसा नाही?" हा प्रश्न येतोच. पंच निवडायचे मतदारयादीतून, आणि त्या काउंटीत (जिल्ह्यात) एकाही कृष्णवर्णीयाचं नाव यादीत नव्हतं. आता मागे जाऊन दोन चिठ्ठ्या लावा: ७ मे १९५५ ला मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदार नोंदवणारे पाद्री जॉर्ज ली मारले गेले आणि १३ ऑगस्टला लमार स्मिथ, भरदिवसा, कोर्टाच्या आवारात. यादी कोरी का राहिली ते पोरांना आपोआप कळतं.

मग एकाला मोझेस राइट करा. एमेट ज्यांच्या घरी उतरला होता ते हे नात्यातले आजोबा. बाकीच्यांना गप्प बसवा. त्यानं उभं राहून आरोपीकडे बोट दाखवायचं, बस्स. गोऱ्यांनी भरलेल्या कोर्टात राइट यांनी हेच केलं. आमचा एक दांडगट पोरगा हात उचलायलाही कचरला.

ज्युरीला निकालाला लागली ६७ मिनिटं. दोघे निर्दोष. पुढच्या जानेवारीत त्यांनीच पैसे घेऊन एका मासिकाला खून कबूल केला.

पुढची चिठ्ठी १ डिसेंबर १९५५: अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईनं बसमधली जागा गोऱ्याला सोडायला नकार दिला. टिलच्या खुनापासूनचे दिवस पोरांनाच मोजू द्या: ९५. रोझा पार्क्स 'दमलेली म्हातारी' होती असं सांगू नका. ती बेचाळीस वर्षांची, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' संघटनेच्या माँटगोमेरी शाखेची चिटणीस होती, आणि चारच दिवस आधी टिलच्या खुनावरचं भाषण ऐकून आली होती. एका खुनानं चळवळ उभी राहिली असंही नाही. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, वकील, पत्रकं छापणाऱ्या बाया, सगळं तयार होतं. माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. स्वारगेट ते हडपसर रोज पायी जाऊन येणं असं सांगितलं की पोरं "बाप रे" म्हणतात.

शेवटची चिठ्ठी १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची, किंगचं ते भाषण झालं त्याची. तारीख पुन्हा २८ ऑगस्ट. हे तुम्ही सांगू नका, कुणीतरी ओरडेलच.

सुतळी लगेच सोडू नका. मागच्या खेपेला गंज पेठेतली एक मुलगी पुढच्या रविवारी स्वतःची चिठ्ठी घेऊन आली: १८७३, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली. डाव्या टोकाला सुतळी संपली होती, म्हणून तिनं ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.